धोंडबानं मीठ सोडलं

कळमन्याच्या संत्राबाजारात धोंडबाच्या आवाजाला तोड नव्हती. ढिगाशी उभं राहून त्यानं हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू केला की पार गेटावरचे ट्रकवाले मान वळवायचे. तोच धोंडबा एका सकाळी "बोला!" म्हणायला गेला आणि उजव्या जबड्यात वीज शिरली. डोळ्यांपुढे अंधार! गाल धरायचीही सोय नाही, हात लागला की पुन्हा झटका.

बाप रे, कॅन्सर! पहिला विचार हाच. मिसरूड फुटल्यापासून गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? बायकोजवळ, कांताबाईजवळ, त्यानं ब्र काढला नाही. गुपचूप एक धडधाकट दाढ उपटून घेतली. दाढ गेली, वीज तिथंच. मग दाढी करणं बंद, कूलरसमोर तोंडाला टॉवेल, बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. घास चावायचा म्हटलं की ताट बाजूला सारायचा. शेवटी कांताबाईच कडाडली, "काहून लपवून राहिले जी? मले काय आंधळी समजता?" आणि त्याला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढतच घेऊन गेली.

"कॅन्सर नाही," तपासण्या पाहून बाई म्हणाल्या. "चेहऱ्याची नस आहे. नसेत बारीक दारं असतात. त्यांतून सोडियम आत शिरलं की दुखण्याचा निरोप मेंदूकडे सुटतो. तुमची दारं गाल हलला तरी उघडतात. ही गोळी त्यांना आवरेल. पण रक्त तपासायला या, विसरू नका."

धोंडबानं नेमका एक शब्द पकडला. "सोडियम म्हंजे मीठच ना?"

"मिठात असतं," बाई म्हणाल्या, तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

झालं! धोंडबानं मीठ सोडलं. दुश्मनाला घरात घ्यायचंच कशाला? वरण अळणी, भाजी अळणी. कांताबाई हळूच मीठ टाकेल या धास्तीनं तो आधी तिलाच घास चाखायला लावायचा. अंगातलं उरलंसुरलं धुऊन निघावं म्हणून तांब्यावर तांब्या पाणी. वीज थांबली. थांबली गोळीनं, पण श्रेय गेलं अळणी वरणाला. मग रक्त तपासायला कोण जातो?

काही आठवड्यांनी एका हर्रासात समोरच्यानं भाव चढवला आणि धोंडबाला पुढचा आकडाच आठवेना. डोकं जड, मळमळ, पाय लटपटताहेत. "धोंडबाभाऊ, भांग घेतली काय गा?" लोक हसले. त्याला दरदरून घाम फुटला. विजेला निदान जागा तरी होती, हे तर सगळीकडून रिकामं होत चाललं होतं. तो संत्र्यांच्या ढिगावरच कोसळला.

दवाखान्यात तो ताळ्यावर आला तेव्हा डॉक्टरीणबाई चिडलेल्या होत्या. "रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. या गोळीनं ते उतरू शकतं, म्हणून तर तपासायला बोलावलं होतं. वर तुम्ही मीठ सोडलंत, पाणी ढोसलंत. अहो, ताटातलं मीठ सोडून नसेची दारं बंद होत नाहीत! आता नेहमीसारखं मीठ खायचं, गोळी मी कमी करते."

"मंग वीज?"

"येऊ शकते. आली तर दुसरं औषध आहे."

घरी कांताबाईनं वरणभात वाढला, कडेला चिमूटभर मीठ. धोंडबानं ते बोटानं आणखी कडेला सारलं.

"मले भेव लागते, कांते."

"मलेही लागते," ती म्हणाली. "दवाखान्यात तुम्ही मले इचारलं, 'बाई, तुम्ही कोन?' तवापासून लागते."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं स्वतःच मीठ कालवलं, डोळे मिटले आणि घास उजव्या जबड्यानं चावला.

"कांते," तो मोठ्यानं म्हणाला. वीज येते का पाहिलं. पुन्हा म्हणाला, "कांते. कांते."

"ऐकून राहिली ना जी," ती म्हणाली. "जेवा आता."