सान इलारिओचा भोंगा

माझ्या नवऱ्याने जन्मात कोणावर हात उगारलेला नाही. पुण्यात रिक्षावाल्याशी जुंपली की तो मलाच मागे ओढायचा. हाच प्रबोध गेलं वर्षभर म्हणतोय की त्याने एका बाईचा जीव घेतला. मी म्हणते, जीव गावाने घेतला. लाथा घालून, फावड्याने, भर गल्लीत, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण आमच्या घरात माझं ऐकतं कोण!

प्रबोध कोकणातल्या एका नदीकाठच्या गावचा. तो शाळेत असताना नदी चढली, कोणी कोणाला सांगितलं नाही, आणि त्याचा काका गोठ्यात म्हशींची दावी सोडता सोडता बुडाला. तेव्हापासून याच्या डोक्यात एकच. गावात भोंगा असता तर काका वाचला असता. लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी विचारलं, तुला आवड कशाची? म्हणाला, भोंग्यांची. मला हसू आवरेना. तरी लग्न केलं, दोष माझाच.

आठ वर्षांपूर्वी आम्ही सिंगापूरला आलो. बुकित बातोकला भाड्याचा फ्लॅट, ऑफिस बुओना व्हिस्टाला. कंपनी नगरपालिकांसाठी कॅमेरे, नदीची पातळी मोजणारी यंत्रं आणि भोंगे बसवते, आणि हे सगळं इथे बसून चालवते. इथे ठरल्या दिवशी भोंग्याची चाचणी होते. आम्ही हॉकर सेंटरमध्ये जेवत होतो तेव्हा एकदा झाली, तर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी नूडल्समधून मान वर केली नाही. इथे शिकवतात की भोंगा वाजला की आत जायचं, दारं लावायची आणि सूचना ऐकायच्या. प्रबोधचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "बघ गार्गी, भोंगा म्हणजे माणसं घरात," म्हणाला.

मग त्याच्याकडे अर्जेंटिनातलं सान इलारिओ आलं. मोठ्या नदीच्या काठचं लहानसं शहर. तिकडे महापौराला इंतेंदेंते म्हणतात, बाई असेल तर इंतेंदेंता. आपल्या महापौरासारखं फीत कापून मोकळं होता येत नाही. रस्ता, कचरा, गटार, दिवे, सगळं त्याच एका माणसाच्या गळ्यात, आणि लोक त्याला घरी गाठून शिव्या देतात. सान इलारिओची इंतेंदेंता होती एल्सा. पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा, बोलताना सारखे हातवारे. दोन वर्षं रोज सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर तिचा चेहरा असायचा, कारण आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. प्रबोध तिच्यासाठी मोडकीतोडकी स्पॅनिश शिकला. मी तिला एल्साबाई म्हणायची. पोह्यांची बशी दाखवली की ती कॅमेऱ्यात तोंड उघडून दाखवायची. मला ती आवडायची, सरळ सांगते.

एल्साबाईंच्या पालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या जुनाट होत्या. ब्रेक बदलायचा ठराव तिने मांडला होता, पण नगरसभेत बहुमत विरोधकांचं. ते सभेला यायचेच नाहीत, कोरम भरायचा नाही, आणि ठराव पुढच्या महिन्यावर जायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिने आमच्यासमोर टेबलावर मूठ आपटली होती. त्यानंतर आठवडाभरात एक गाडी उतारावरून सुटली आणि शाळेच्या दाराशी दोन बहीणभावांना भिंतीत चिरडून गेली. मुलांची दप्तरं भिंतीतून उकरून काढावी लागली. सभेला न आलेल्यांची नावं कोण लक्षात ठेवतो? गाडीवर पालिकेचं चिन्ह होतं, आणि पालिका म्हणजे एल्सा.

त्या दिवशी शनिवार होता. आमच्या लेकीला, अवनीला, शाळा नव्हती, मी कांदा परतत होते. एल्साचा फोन आला, आणि या खेपेला चेहरा नाही, नुसता श्वास. अंत्यविधीवरून परतलेली माणसं थेट पालिकेवर आली होती. पोलीस चौकातून मागे हटले होते, प्रांताची जादा कुमक वाटेत होती. एल्सा वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत, दार आतून लावून.

प्रबोधने लॅपटॉपवर चौकातला कॅमेरा लावला. कॅमेऱ्याला आवाज नाही. मुक्याने सगळं चाललं होतं. दाराशी टायर पेटवले होते. रखवालदार हात जोडून पायऱ्यांवर उभा होता, त्याच्या कपाळावर फरशीचा तुकडा बसला आणि तो बसकण मारल्यासारखा खाली गेला. मग चार-पाच जणांनी त्याला पायांनी ओढून बाजूला केला, डोकं प्रत्येक पायरीवर आपटत. रस्त्यावरचा लोखंडी बाक उचलून दार फोडायला सुरुवात झाली. अवनी मागून येऊन म्हणाली, "पप्पा, इज दॅट अ गेम?" मी तिला दंडाला धरून खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली.

एल्सा म्हणाली, "मी इथेच थांबते. दार जाड आहे."

प्रबोधने मागचा कॅमेरा लावला. पालिकेच्या मागे एक गल्ली आहे, घरांची. ती रिकामी होती. एक कुत्रं तेवढं झोपलं होतं.

"एल्सा, मागच्या जिन्याने उतर," तो म्हणाला. "गल्ली मोकळी आहे. मी बघतोय. आत्ता निघ."

"नक्की?"

"नक्की. मी बघतोय ना."

दोन वर्षं नदी कधी चढणार, कधी उतरणार हे तिने त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. ती निघाली. आणि तिला थोडा वेळ मिळावा, समोरची माणसं पांगावीत म्हणून प्रबोधने भोंगा दाबला. तिला विचारलं नाही, मला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? भोंगा म्हणजे माणसं घरात.

तिकडे तसं नाही. तिकडे लहान गावात पगारी अग्निशमन दल नसतं. दुकानदार, मास्तर, सुतार असे स्वयंसेवक असतात. भोंगा वाजला की हातातलं टाकून ते बंबाच्या ठाण्याकडे धावतात, आणि उरलेलं गाव धूर कुठे दिसतोय ते बघायला दारात येतं. आमचा भोंगा बंबवाल्यांच्याच खांबावर बसवलेला. प्रबोधने त्याची चाचणी कितीदा तरी घेतली होती, पण दर वेळी एल्सा आधी रेडिओवर जाहीर करायची, त्यामुळे कोणी हललेलं त्याने पाहिलंच नव्हतं.

गल्लीतली दारं उघडली. एकामागून एक, सगळी. माणसं, बायका, ताटावरून उठलेली म्हातारी. एल्सा पालिकेच्या मागच्या दारातून बाहेर पडली ती थेट त्यांच्यामध्ये.

सुरुवातीला कोणी काही केलं नाही. तिला वाट देतात की काय असं मला वाटलं, मी देवाचं नाव घेतलं. मग एका माणसाने तिच्याकडे बोट केलं, आणि कोपऱ्यावरून चौकातली गर्दी वळली. तिचा चष्मा गेला. केसांना धरून तिला भिंतीवर आपटलं, ती हाताने चाचपडत उठली, पुन्हा आपटलं. पालिकेच्याच सफाईवाल्याचं फावडं कोणीतरी आणलं. एक बाई बाजारहाट करून आलेली होती. तिने पिशवी नीट भिंतीशी टेकवून ठेवली, पुढे होऊन एल्साच्या पोटात दोन लाथा घातल्या, मागे येऊन पिशवी उचलली. ती बाई मला सापडली तर काय करीन ते इथे लिहीत नाही. एक म्हातारा एल्सावर आडवा पडला, त्यालाही ओढून काढलं. ती हलायची थांबली तरी ते थांबले नाहीत. शेवटी पाय थकल्यावर थांबले.

फोन चालूच होता. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, फोनला होता.

प्रबोध उठला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोसे मारायला लागला. फरशी फुटली, बोटांची कातडी निघाली, तरी मारतोय. अवनी आतून दार बडवतेय, कांदा जळतोय, खालच्या मजल्यावरून कोणी ओरडतंय. मी त्याला मागून मिठी मारली, त्याने झटकलं. मग मी त्याच्या थोबाडीत मारली, जोरात. आमच्या संसारात हात उचलला तो मी, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. तो खाली बसला आणि रक्ताळलेले हात मांडीवर ठेवून म्हणाला, "गल्ली मोकळी होती गं. मोकळी होती."

कंपनीच्या वकिलाने दुसऱ्याच दिवशी बजावलं, तिकडच्या कोणाशी बोलायचं नाही. सान इलारिओत लोक समजत होते, भोंगा कोणा बंबवाल्याने वाजवला, मदतीसाठी. समजू देत. इथे राहायचा आमचा पास नोकरीवर, अवनीची शाळा पासवर. मी प्रबोधला माझी शपथ घातली. वर्षभर तो घराबाहेर कोणाशी त्यावर बोलला नाही. जेवायचा, ऑफिसला जायचा, आणि झोपेत पाय झाडायचा.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. अवनी सायकल चालवत होती. फोन आला. एल्साचा नवरा, रुबेन. त्याचं चौकात लोखंडी सामानाचं दुकान आहे. एल्साच्या फोनमध्ये शेवटचा नंबर प्रबोधचा होता, तपास संपल्यावर तो फोन रुबेनच्या हाती आला होता. वाऱ्याने ऐकू येईना म्हणून प्रबोधने स्पीकर लावला. रुबेनचं इंग्रजी तोडकं, पण शब्द न् शब्द कळत होता.

"माझी बायको घाबरट नव्हती," तो म्हणाला. "तिने मला निरोप पाठवला होता, मी खोलीत आहे, दार लावलंय, तू ये. मग ती बाहेर का आली? कोणी सांगितलं तिला?"

मी मान हलवली. नाही म्हण. माहीत नाही म्हण. प्रबोधने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मी," तो म्हणाला. "मी सांगितलं. मला मागची गल्ली मोकळी दिसत होती."

आता शिव्या येतील, मग खटला, मग विमानाची तिकिटं, असं सगळं माझ्या डोक्यातून गेलं आणि मला प्रबोधचा गळा धरावासा वाटला.

"आणि भोंगा?" रुबेनने विचारलं.

"तोही मीच."

"भोंगा तू," रुबेन म्हणाला. आवाज चढला नाही. "मी स्वयंसेवक आहे. तरुणपणापासून बंबावर आहे. निरोप मिळाला तसा मी दुकानातला हातोडा घेऊन तिच्याकडेच धावत निघालो होतो. पालिकेचं मागचं दार मला दिसत होतं. तेवढ्यात भोंगा झाला."

प्रबोधच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी कधी ऐकला नव्हता.

"मला वाटलं, पालिका पेटवली असेल. पाणी आणायला हवं. मी वळलो. ठाणं नदीपाशी, गावाच्या दुसऱ्या टोकाला. धावत गेलो, टोप घातला, बंबावर चढलो, आणि सगळे एकमेकांना विचारत होतो, आग कुठे आहे? कोणालाच माहीत नव्हतं."

मग त्याने फोन ठेवला.