अंघोळ करून, अनवाणी

मला काय झालं होतं ते आधीच सांगते, कारण आमच्या घरात नेमकं तेच सांगायचं नव्हतं. मला डिप्रेशन होतं. नवरा बिल्डिंगमध्ये सांगायचा, हिला बीपीचा त्रास आहे. बीपी असलेली बाई चारचौघांत चालते. सकाळी उठून दात घासायचीही जिला भीती वाटते, ती चालत नाही. तिला सगळे विचारतात, तुला कमी काय आहे? वसईत स्वतःचा फ्लॅट, नोकरीला लागलेली मुलगी, न पिणारा नवरा. कमी काहीच नव्हतं, आणि मी दिवसचे दिवस एकाच गाऊनमध्ये, पारोशी, भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या मी घेतल्या, आजही घेते. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे झाडांचं कौतुक येणार आहे आणि ते वाचून कुणी आपल्या गोळ्या कचऱ्यात टाकायला नकोत.

माझं माहेर वसईजवळच्याच गास गावचं. तिथे आईची वाडी आहे, थोडी केळी, थोडी भाजी आणि सावलीत चढवलेल्या विड्याच्या पानांच्या वेली. एक दिवस ती वेलीची कांडी लावलेली कुंडी घेऊन रिक्षाने आली, कुंडी बाल्कनीत ठेवली आणि म्हणाली, "आंघोळ केल्याबिगर हिला हात लावू नको. पायात चप्पल नको. पानी रोज घाल." तब्येतीचं अवाक्षर काढलं नाही. चहा पिऊन गेली.

पानमळ्याचा हा नियम मी लहानपणापासून ऐकलेला. सोवळ्याओवळ्याचा मला मनस्वी राग आहे. महिन्याचे ते दिवस आले की याच नियमाने आम्हा बायकांना वेलींपासून लांब ठेवायचे आणि त्यावरून मी आईशी कडाकडा भांडलेली आहे. पण दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, कुंडीतली माती पांढरी पडायला लागली, आणि मी पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहिले. पारोशानेच पाणी घातलं असतं तर बघायला कोण होतं? तरी जमेना. शेवटी चिडून उठले, अंगावर चार तांबे ओतले आणि ओल्या केसांनी, अनवाणी जाऊन तिला पाणी घातलं.

बरं वाटलं नाही. पण अंघोळ झालेली बाई परत अंथरुणात शिरायला जरा लाजते. ती चहा टाकते, खिडकी उघडते. असं रोज होत गेलं. वेलीला नवं पान फुटलं तेव्हा मी रडले, आणि फार दिवसांनी ते रडणं सुखाचं होतं. मग मोगरा आला, अळू आलं, मिरच्या आल्या. आईचा तो एक नियम मात्र मी मोडला. महिन्यातल्या कुठल्याही दिवशी वेलीला हात लावते. ती काही जळली नाही.

चूक केली ती वाडीतली लेक म्हणूनच. आमच्याकडे वेलीला सुक्या मासळीचं खत घालतात. मी बाजारातून सुकी मासळी आणली, कुटली, सगळ्या कुंड्यांना घातली आणि वर भरपूर पाणी. वाडीत वारा असतो, तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिल लावलेल्या बाल्कनीत नसतो, हे डोक्यातच आलं नाही. वास लिफ्टपर्यंत पोचला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली आणि रविवारच्या मीटिंगमध्ये माझ्या कुंड्या हटवण्याचा विषय आला.

"काढून टाकू," नवरा म्हणाला. "उगाच लोक खोलात शिरतील."

खोलात म्हणजे कुठे, ते मला कळलं. कुंड्या गेल्या तर मी परत भिंतीकडे वळेन हे त्यालाही कळत होतं. तरी त्याला माझा बीपीच सांभाळायचा होता. मला इतका संताप आला की मी मीटिंगला पहिली जाऊन बसले.

वासाबद्दल माफी मागितली. खताची सगळी माती वाडीत नेऊन टाकल्याचं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "बरं केलंत वहिनी. आता कुंड्याही काढा ना, कटकटच नको. चार झाडांचं काय एवढं?"

"मला डिप्रेशन आहे," मी म्हणाले. "बीपी नाही. गोळ्या चालू आहेत. पण सकाळी अंथरुणातून मला ही झाडं उठवतात. परत वास आला तर माझ्या दारात येऊन भांडा. कुंड्या मी काढणार नाही."

नवरा पंख्याकडे बघत होता. सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीच्या सफाईचा विषय घेतला. परवानगी कुणी दिली नाही. मी मागितलीही नव्हती.

"आता सगळ्यांना कळलं," जिन्यात नवरा म्हणाला.

"बरं झालं. तुला रोज खोटं बोलायला नको."

त्या आठवड्यात एका दुपारी वरच्या बाई आल्या, तक्रार करणाऱ्या. वेलीची एक कांडी हवी होती, घरात शोभेला म्हणे. केस विंचरलेले नव्हते. बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. ते न बघणं मी ओळखते.

"कांडी देते," मी म्हटलं. "सोबत माझ्या डॉक्टरांचा पत्ताही देते. डिप्रेशनवर चांगले आहेत."

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "ताई, हळू बोला ना. कुणी ऐकेल."

"ऐकू दे. मी माझ्याबद्दल बोलतेय."

त्या उंबऱ्यातच रडायला लागल्या. मी त्यांना आत घेतलं आणि दार लावलं, ते त्यांच्यासाठी. स्वतःसाठी मी ते आता लावत नाही.