मेणातून घडलेला कान

माझी आत्या कान बनवते! अपघातात, आजारात ज्यांचा कान जातो, त्यांना हुबेहूब दुसरा. आधी मेणात कोरायचा, मग सिलिकॉनमध्ये ओतायचा. चांगल्या कानाचा साचा घेताना माणसाला दहा मिनिटं जराही हलता येत नाही, म्हणून ती गोष्टी सांगते. सगळ्या मनाच्या, पण इतक्या रंगवून की लॅबमध्ये तिचं नाव पडलंय ‘पुडीबाई’.

मी शब्दकोशाच्या कचेरीत नोंदी लिहिते. परवा ‘फिक्शन’ची नोंद हाती आली आणि त्या शब्दाचं मूळ वाचून मी उडालेच. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आत्याची लॅब गाठली, जवळजवळ पळतच.

खुर्चीत एक शिक्षिका बसली होती. भाजल्यामुळे तिचा डावा कान गेलेला. दुसऱ्या दिवशी शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि तयार कान मांडीवरच्या डबीत तसाच पडून होता.

“नको मला,” ती म्हणाली. “खोटा कान लावून मुलांना खरं बोला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

तीन आठवडे खपून केलेला कान. आत्याचे डोळे भरून आले होते. मला काही राहवेना.

“आत्या, ऐक ना! फिक्शन हा शब्द लॅटिनमधून आलाय. त्याच्या मुळाशी आहे मळणं, हातानं आकार देणं, मातीला देतात तसा. मनातून गोष्ट रचण्यालाही तेच क्रियापद. अगं, तू दिवसभर दुसरं काय करतेस?”

“दमानं बोल, धाप लागलीय तुला,” आत्या म्हणाली, पण तिचा चेहरा खुलला. ती शिक्षिकेकडे वळली. “बाई, साचा घेताना मी त्या पोहणाऱ्या मांजराची गोष्ट सांगितली. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मांजर कधी नव्हतंच. मी फसवलं का तुम्हाला?”

“छे! मला माहीत होतं की.”

“मग हाही तसाच. कुणी विचारलं तर बेधडक सांगा, घडवून घेतलाय म्हणून.”

शिक्षिकेनं कान उचलला, लावला. आरशात बराच वेळ पाहत राहिली. इकडून, तिकडून. माझा जीव टांगणीला! मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“मावशी, माझ्या उजव्या कानाला भोक आहे. हा माझा बुच्चाच ठेवलात? कधी टोचणार?”

आत्यानं कपाळावर हात मारला आणि सुई शोधायला धावली.