दोन हाका, एकाच वेळी

"रूही, सही करून टाक बरं. दोन ओळींचा तर रिपोर्ट आहे," कारखान्याचे मॅनेजर लीलाधर सर म्हणाले.

त्या दोन ओळी रूहीने तिसऱ्यांदा वाचल्या. फैजपूरकडच्या चौदा मोटरी जळाल्या, कारण शेतकऱ्यांनी लाईट येताच मोटर आपोआप चालू करणारे ऑटोस्विच लावले होते. आपल्या डब्यात दोष नाही.

जळगावच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात हा डबा बनायचा. बोअरचं पाणी संपलं की आतल्या चिपने मोटर बंद करायची, एवढंच त्याचं काम. तपासणारी इंजिनिअर रूही. तिच्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नव्हता.

"सर, ऑटोस्विच कोणाकडे नाही? लाईट आठ तास, तीही कधी येईल पत्ता नाही. माणसाने स्टार्टरजवळ खाट टाकायची का?"

"म्हणून तर चूक त्यांची! लाईट येताना व्होल्टेज उसळतं, नेमकी तेव्हाच मोटर चालू होते."

रूहीने कागद पालथा घातला.

तिचे अब्बा, नासीरभाई, तीस वर्षं मोटरींचं वायंडिंग करतात. त्या चौदांतली एक त्यांच्याच दुकानात आली होती. "व्होल्टेजने जळली असती तर नुसती तार काळी पडली असती, बेटा," ते म्हणाले. "हिच्या पंपाचे इंपेलर, पाणी वर ढकलणारी चक्रंसुद्धा वितळलीत. ही कोरडी फिरलीय. तुमचा डबा झोपला होता."

ती मोटर दुरुस्त होऊन परत बसली त्या दिवशी रूही लॅपटॉप घेऊन तिचे मालक चुडामण आबा यांच्या केळीत हजर. आबा तापलेलेच होते.

"म्या काय त्या डब्याले लाथ मारली होती? अन् तुमची कंपनी मलेच चोर ठरवते!"

"चोर कोण ते बघायलाच आलेय, आबा. लाईट येऊ द्या."

साडेअकराला लाईट आली आणि शिवारभर मोटरी एकदम घुमल्या. त्याच क्षणी डब्यातल्या चिपला दोन हाका गेलेल्या रूहीला लॅपटॉपवर दिसल्या: 'लाईट आली' आणि 'पाणी नाही'. पहिली चिपने ऐकली. दुसरी जणू आलीच नव्हती. रूहीने धावत जाऊन हाताने मोटर बंद केली.

चिपमध्ये अशा हाका टिपून ठेवणारा एक भाग असतो, इंटरप्ट कंट्रोलर. त्याला पाटी समजा. ज्याला काही सांगायचंय त्याने पाटीवर खूण करायची. चिपने हातातलं काम टाकून तिकडे बघायचं आणि जिची दखल घेतली तेवढीच खूण पुसायची. पण कर्नलमधला, म्हणजे सगळा कारभार हाकणाऱ्या मूळ प्रणालीतला कोड, एका हाकेला ओ देऊन अख्खी पाटीच पुसत होता. टेबलावर तपासताना हाका एकेक करून येतात, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दुरुस्ती एका ओळीची.

हा कर्नल जगभरातले लोक सगळ्यांना दिसेल असा, खुलेपणाने मिळून लिहितात. रूहीने दुरुस्ती आपल्या नावाने पाठवली. तो भाग सांभाळणाऱ्या परदेशातल्या गृहस्थांचं उत्तर आलं: आमच्याकडे हा दोष दिसत नाही.

"बघ! एवढा मोठा माणूस सांगतोय," लीलाधर सर खूश झाले. "आता कर सही."

"असेल मोठा. मोटर त्याची जळली नाही."

रजा टाकून ती सहा दिवस केळीत बसली. तीन दिवस जुना कोड, तीन दिवस नवा. लाईट येताना आलेली आणि हुकलेली प्रत्येक हाक तिने नोंदवली आणि तो सगळा पुरावा पाठवून दिला. सोबत लिहिलं, "तुमच्याकडे लाईट जात नाही, म्हणून दोष दिसत नाही. आमच्याकडे रोज जाते, आणि येते तेव्हा सगळं एकदम जागं होतं. आम्हालाही धरून कोड लिहायला हवा."

नऊ दिवसांनी उत्तर आलं: तुमचं बरोबर आहे. दुरुस्ती घेत आहोत.

रूहीने नवा रिपोर्ट लिहिला. दोष डब्यातल्या कोडचा, शेतकऱ्यांचा नाही. सरांनी तो वाचून बाजूला सारला.

"हे मालकांकडे गेलं तर तुझी नोकरी राहील का?"

"दुरुस्ती चव्हाट्यावर आहे, सर. कारणासकट, माझ्या नावासकट. जगात कोणीही वाचावी. आता लपवायचं काय उरलं?"

रूहीने लॅपटॉप उचलला आणि चौदा डब्यांत नवा कोड घालायला फैजपूरची एसटी पकडली. परवानगी तिने मागितली नाही.