मजकूर मास्तरांचा

"वाचा आणि सरका की हो, मागचे ताटकळलेत," मागे न बघता असं म्हणत मास्तर फळ्यावर बातम्या लिहीत. तुमच्याही गावात वाचनालयाबाहेर असा फळा असेल, पण आमच्या मळमड्डीच्या फळ्यावरचं अक्षर तुम्ही पाहिलेलं नाही. निवृत्त ड्रॉइंग मास्तर ते. नळाला दोन दिवस पाणी येणार नाही, ही बातमीसुद्धा लग्नपत्रिकेसारखी लिहायचे. वाचनालयाची चिटणीस मी, पण लोक नमस्कार त्यांना करत. याचा मला थोडा रागही यायचा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सीमेवर लढाई पेटली आणि फळ्यासमोर रोज सकाळी जत्रा भरू लागली. टीव्हीवर पाहिलेलं सगळं लोकांना मास्तरांच्या अक्षरात पुन्हा हवं असे. त्यातून मास्तरांचा एकुलता मुलगा तिथेच, वरच्या चौकीवर. "मास्तर, आज किती पुढं गेलो?" लोक विचारत. जसं काही मुलाने त्यांच्या कानात सांगितलं होतं! मास्तर कसनुसं हसत आणि कानडीत "आय्तु बिडरी" म्हणत. झालं, जाऊ द्या. कुणाशी वाद घालणं त्यांना आयुष्यात जमलं नाही.

एके दिवशी लढाई थांबवायची बोलणी सुरू झाल्याची बातमी आली. मास्तरांनी ती सर्वांत वर, मोठ्या अक्षरात लिहिली. कितीतरी दिवसांनी त्यांना गुणगुणताना मी ऐकलं. दहा मिनिटांत कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार अण्णा आले आणि ओल्या फडक्याने ती ओळ पुसून टाकली.

"थांबायचं कसलं? दिल्लीला कार्डं पाठवूया. मजकूर मास्तरांनीच सांगायचा. ज्यांचा मुलगा तिथं, त्यांच्याच शब्दाला वजन की!"

टाळ्या पडल्या. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. आज वाचनालय बंद, एवढं एक वाक्य मला म्हणता आलं असतं. मी काय केलं? पोस्टात माणूस पाठवून कार्डांचा गठ्ठा मागवला. मलाही जिंकायचं होतं ना!

"आय्तु बिडरी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पहिल्या कार्डावर लिहिलं, 'माघार नको. आमची मुलं शेवटपर्यंत लढायला तयार आहेत.' चार दिवस लोक ते उतरवून घेत होते.

दिवाळीत मुलगा सुटीवर आला. आम्ही वाचनालयात सत्कार ठेवला. पहिल्या रांगेत मास्तर आणि त्यांच्या पत्नी. जपून ठेवलेलं ते पहिलं कार्ड मी मोठ्या हौसेने त्याच्या हातात दिलं. "मजकूर तुमच्या अप्पांचा बरं का!"

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"आम्हाला खाली बोलावणार होते," तो म्हणाला. "मग साहेब म्हणाले, आता थांबलो तर लोक ऐकून घेणार नाहीत. परत वर गेलो. माझ्याबरोबरचे चौघं तिथंच राहिले. अप्पा, हे तुम्ही लिहिलंत?"

अण्णांनी भरीला घातलं, चिटणीस बाईंनी कार्डं आणवली, असं मास्तर म्हणू शकले असते. खरं तेच होतं. मी खाली बघत बसले होते.

"अक्षर माझंच आहे," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते वाचनालयात आले नाहीत. फळा मी लिहू लागले. लोक म्हणत, बाई, ओळी उताराला लागल्यात. पुढे मास्तर घर बदलून नवनगरला गेले. चार-पाच वर्षांनी तिथल्या बसथांब्यावर दिसले, हातात भाजीची पिशवी. माफी मागायची म्हणून मी जवळ गेले आणि भलतंच विचारून बसले, "मुलगा काय म्हणतो? पत्र येतं का?"

"येतं की, दर महिन्याला," मास्तर म्हणाले. "हिच्या नावानं येतं."