दिवटीच्या वाटेवर माझी लाइट

लाइटी बसवून झाल्या होत्या आणि त्या कुठंतरी अंधारात लावून बघायच्या होत्या, एवढ्या एकाच कारणासाठी मी राधानगरीकडं गेलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण या ब्लॉगवर एरवी मी निसर्गाची ओढ, मनाची शांतता असलं काहीबाही लिहीत असतो. या खेपेला ओढ होती ती फक्त मिरवायची.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं फर्निचरचं दुकान आहे आणि माझ्याकडं एक एटीव्ही आहे. म्हणजे ती चार जाडजूड टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली गाडी, चिखलातनं, दगडातनं, ओढ्यातनं कुठूनही जाते ती. बायको तिला बुलडोझरचं पिल्लू म्हणते. गाडी झकास, पण मूळच्या लाइटी अशा की पुढं उदबत्ती लावल्यासारखं वाटायचं. दिवस मावळला की रानातनं उतरायची भीती. शेवटी दस्तगीरकडं गेलो.

दस्तगीर माझा जुना दोस्त. उद्यमनगरात त्याचा गाड्यांच्या वायरिंगचा गाळा आहे. त्यानं मूळचे बल्ब काढून एलईडी घातले आणि पुढच्या जाळीवर लांब एलईडीची पट्टी बसवली. तुम्ही असलं काही करणार असाल तर एक ऐका: पट्टीची वायर मूळच्या वायरिंगला जोडू नका, जळतं. बॅटरीपासून वेगळी वायर, मध्ये रिले, म्हणजे जादा करंट झेलणारा स्विच, आणि फ्यूज. फ्यूज न घालता कोणी बसवून देत असेल तर तिथून सरळ उठून या. खर्च विचाराल, तर मागच्या दोन टायरांइतका आला. आणि ही पट्टी रानासाठी आहे, डांबरी रस्त्यावर लावायला परवानगी नाही.

काम झाल्यावर दस्तगीरनं गाडी भिंतीसमोर उभी केली आणि पट्टीचा उजेड खाली आणून ठेवला, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. मी म्हटलं, वर घे की जरा, लांब मारली पाहिजे. समोरनं माणूस आला तर काय करशील, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, रानात कोण मरायला येतंय? त्यानं पाना घेतला आणि पट्टी वर केली.

मग पाना पुसता पुसता त्यानं गावच्या म्हाईचं आमंत्रण दिलं. म्हाई म्हणजे आमच्याकडची गावदेवीची जत्रा, पैपाहुण्यांना बोलावून मटणाचं जेवण. दस्तगीरच्या गावात ती तीन वर्षांतून एकदा होते. गाव हिंदू, देवी हिंदू, पण पालखीपुढं दिवटी धरायचा मान दस्तगीरच्या घराचा, पणज्याच्याही आधीपासून. एका हातात दिवटी, म्हणजे तेलाची मशाल, आणि दुसऱ्या हातात बुधली, म्हणजे तिच्यावर ओतायच्या तेलाचं भांडं. देवळापासून शिवेवरच्या देवीच्या ठाण्यापर्यंत पालखी त्या उजेडात चालते. त्याचे वडील इलाहीचाचा तरुणपणापासून हे करत आलेत. आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू आहे, गुडघे गेलेत. म्हणून चाचांनी ठरवलं होतं की ही शेवटची. शिवेपर्यंत स्वतः न्यायची आणि तिथं, देवीच्या ठाण्यासमोर, दस्तगीरच्या हातात द्यायची.

"एकदा हातातनं दिली की दिली," दस्तगीर म्हणाला. "परत घेता येत न्हाय. अब्बांनी आज्जाकडनं शिवेवरच घेतलीया. तसंच पाहिजे म्हणत्यात."

मी लगेच हो म्हटलं. दस्तगीरसाठी म्हटलं, मटणासाठी म्हटलं, आणि गावाच्या वर जंगलाला लागून चांगली वाट आहे हे मला ठाऊक होतं, म्हणूनही म्हटलं. शेवटचं कारण सगळ्यात मोठं होतं.

सकाळी मिसळ खाऊन निघालो. एटीव्ही डांबरी रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळं भाड्याच्या पिकअपवर चढवून दोरखंडानं बांधली. दोर दोन्ही बाजूंनी ताणा, नाहीतर वळणावर गाडी नाचते. फुलेवाडी सोडली की शहर संपतं. भोगावतीपर्यंत रस्ता चांगला, दोन्हीकडं ऊस तुटून गेलेली रानं आणि नुसतं पाचट. पुढं मधे मधे खड्डे आहेत, सावकाश जा. वाटेत म्हशीच्या दुधाचा चहा प्यालो, साय कपाच्या काठाला चिकटत होती. टपरीवाला गाडीभोवती दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, याच्यावर वैरणीची पाटी कुठं बसवायची? मी त्याला लाइटींचं सगळं पुराण ऐकवलं. पिकअपचा ड्रायव्हर कंटाळून गाडीत जाऊन बसला.

गावात पोचलो तेव्हा प्रत्येक घरापुढं चूल आणि चुलीवर डेग. दस्तगीरच्या घरात शिरलो तर इलाहीचाचा सोप्यात बसून दिवटीला चिंध्या गुंडाळत होते. अंगानं बारीक, पांढरी टोपी, कपाळावर आधीच कुणीतरी लावलेला भंडारा. माझा हात हातात घेऊन त्यांनी तोंड जवळ आणलं आणि चेहरा नीट बघून घेतला. नजर तेवढीच राहिली होती. मग चिंधी ओढून बघितली, सुटत नाही ना, आणि मला विचारलं, कोल्हापुरात असं घट्ट बांधायला कुणाला येतं का आता? मी हसलो. ते मात्र खरंच विचारत होते.

जेवण रात्री, पालखी परतल्यावर. तोवर भूक मारायला चहा नि चिवडा. दुपार कलल्यावर मी गाडी काढली. अभयारण्याच्या आत असल्या गाड्या नेता येत नाहीत, न्यायच्या मनातही आणू नका. पण गावाच्या वर गायरानातनं एक बैलगाडीची वाट टेकडीवर जाते, ती मोकळी आहे. वरनं धरणाचं पाणी दिसतं. तिथं बसलो, फोटो काढले, आणि खरं सांगायचं तर सूर्य कधी एकदा बुडतोय याची वाट बघत बसलो.

उतरताना लाइटी लावल्या. आई शप्पथ, काय उजेड! करवंदीच्या जाळीतलं पान न् पान दिसत होतं. एक ससा वाटेत थिजून उभा राहिला, मला थांबून लाइट बंद करावी लागली तेव्हा कुठं तो हलला. तिथंच मला अक्कल यायला पाहिजे होती. आली नाही.

दस्तगीरनं गाडी चिंचेखाली लावायला सांगितलं होतं. चिंच उंचवट्यावर, तिच्या खालून पालखीची वाट शिवेकडं उतरते. मी गाडी वाटेकडं तोंड करून लावली. पालखीचा व्हिडिओ तिथून चांगला येईल, हा हिशेब.

दिवेलागण होऊन गेली होती. देवळाकडनं ढोल वाजला, भंडारा उधळला, आणि पालखी निघाली. सगळ्यांत पुढं इलाहीचाचा, अनवाणी, उजव्या हातात दिवटी आणि डाव्या हातात बुधली. शेजारी एक पाऊल मागं दस्तगीर, रिकाम्या हातानं. आणि तेवढ्यात गावातली लाइट गेली.

म्हणजे मला वाटलं, गेली. आधी देवळाजवळच्या घरांची, मग पलीकडच्या आळीची, मग रस्त्यावरचे दिवे. आपल्याकडं वीज जाते ती एका झटक्यात सगळी जाते. अशी घरामागून घर जात नाही. हे कुणालाही कळलं असतं. माणसं आपल्या हातानं बटणं बंद करत होती, पालखीला दुसरा उजेड नको म्हणून. गावात हे कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून दस्तगीरनंही मला सांगितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, अरेरे, ऐन वेळी लाइट गेली, म्हातारा माणूस, उताराची वाट, आपण मदत केली पाहिजे. मदत! मदतीचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. खरं तर दिवसभर मी असल्याच निमित्ताची वाट बघत होतो.

उजेड पडला. वाटेवरचा खडा न् खडा दिसला. दोन-तीन पोरांनी शिट्ट्या मारल्या, एक जण नाद खुळा म्हणून ओरडला, आणि मला, आता लिहितानाही लाज वाटते, मला छाती फुगल्यासारखं झालं. मी मोबाइल वर धरला.

मोबाइलच्या पडद्यावर मला चाचा दिसले. ते थांबले होते. त्या पांढऱ्या उजेडात दिवटीची ज्योत दिसतच नव्हती. नुसता धूर. चाचांनी मान वर करून दिवटीकडं बघितलं. बुधलीचा हात वर नेऊन धग लागते का बघितलं. मागं ढोल थांबला.

"दस्तगीर, इजली काय रं?"

"न्हाय अब्बा. जळतीया."

"मग दिसंना का मला?"

त्यांनी घाईनं बुधली तिरकी केली. तेल जास्त पडलं, भडका उडाला, ते दचकून मागं सरले आणि माझ्या उजेडाकडंच वळले. डोळे घट्ट मिटलेले. गुडघा वाकला. पडणार तेवढ्यात दस्तगीरनं एका हातानं त्यांना धरलं आणि दुसऱ्या हातानं दिवटी.

मी बटण शोधत होतो. रोज दहादा दाबलेलं बटण मला सापडेना. सापडलं, उजेड गेला, आणि आधी कुणालाच काही दिसलं नाही. मग ज्योत दिसली. चांगली हातभर जळत होती. ती दस्तगीरच्या हातात होती.

दस्तगीरनं दिवटी वडिलांपुढं धरली. घ्या अब्बा, म्हणाला. शीव अजून बरीच लांब होती, वाट निम्मीसुद्धा झाली नव्हती. चाचांनी हात पुढं केला. दिवटीपाशी आणला. आणि मागं घेतला. मग बुधलीही मुलाच्या दुसऱ्या हातात दिली.

"गेली ती गेली," ते म्हणाले. "चल म्होरं. देवीला ताटकळत ठेवू नको."

पालखी चिंचेखालनं गेली. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. एक बाई तेवढी दुसरीला सांगत गेली की पावणं हायत, त्यास्नी काय ठावं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चाचा पालखीच्या मागं चालत होते. दोन्ही हातांचं काय करावं हे कळत नसल्यासारखे मधेच पाठीशी बांधायचे, मधेच सोडायचे. शिवेवर मी गेलोच नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

रात्री पंगतीत मला पहिलं ताट. तांबडा, पांढरा, ज्वारीची भाकरी. चाचा स्वतः सांगत होते, पावण्याला रस्सा वाढा, लाजत्यात. चव कशी होती ते इथं लिहायला पाहिजे, तुम्ही त्यासाठीच वाचता. मला आठवत नाही. घास गिळत होतो एवढंच.

सकाळी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मधेच धरलं. मी काहीतरी पुटपुटलो, चुकलं, कळलं नाही. त्यांनी वेगळंच विचारलं. लाइटी बसवल्या कुणी? मी म्हटलं, तुमच्या दस्तगीरनं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मग उजेड चांगला पडणारच. त्यात कौतुक होतं. कौतुकच जास्त लागलं मला.

परतीच्या वाटेवर कुठं थांबलो नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, लाइटी कशा चालल्या? मी म्हटलं, चांगल्या चालल्या. मग तिला सगळं सांगितलं. तिनं चेष्टा केली नाही, त्यावरूनच आपलं किती चुकलं ते समजलो.

व्हिडिओ पुसून टाकला. पट्टी काढून टाक म्हणून दस्तगीरच्या गाळ्यावर गेलो. तो म्हणाला, लाइटीचा काय दोष हाय? गाडी भिंतीसमोर लावली, पाना घेतला, आणि उजेड पहिल्या दिवशी त्यानं जिथं ठेवला होता तिथं आणला. पैसे घेतले नाहीत. वडिलांबद्दल मी विचारलं नाही. गाडी आता दुकानामागं झाकून ठेवली आहे. लाइटींबद्दल विचारणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच: कुणाकडनं बसवायच्या ते विचारा, आणि बसवणारा उजेड जिथं ठेवेल तिथंच राहू द्या.

गेल्या आठवड्यात दस्तगीरचा फोन आला. अब्बांना बोलायचंय म्हणाला. मी उभा राहिलो. चाचांनी आधी बायकोची, मग दुकानाची चौकशी केली. मग म्हणाले:

"पुढल्या म्हाईला नक्की या पावणं. आपण दोघं मागनं चालू. आता माझं बी हात मोकळं हायत की."

पुढची म्हाई तीन वर्षांनी. मी हो म्हटलं.