साहेबांचा कॉम्प्युटर पहिला

"पोरगी कॉन्व्हेंटची, मशीन इंग्रजी. मुरगुडातनं निघालेला आवाज वाटंतल्या निढोरीतच उतरतोय की!"

प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडे शिंदेमामा बोलत होते. जाधव सर हसले. मी अलीकडे केबलच्या गुंत्यात बसले होते. मी आत आहे हे दोघांनाही माहीत होतं.

शिंदेमामा आमच्या दूध संघाच्या मुरगूड चिलिंग सेंटरचे इन्चार्ज. गावोगावचं दूध तिथं थंड होऊन टँकरने कोल्हापूरला येतं. जाधव सर कॉम्प्युटर विभागाचे मॅनेजर. मी त्यांच्या हाताखाली, प्रोबेशनवर. दोन हजार तीन-चार सालची गोष्ट.

मामांचा राग खोटा नव्हता. आदल्या दिवशी सकाळी सेंटरचा कॉम्प्रेसर बंद पडला. त्यांनी आमच्या ऑफिसला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा शब्द तुटले. शेवटी ते समोरच्या एसटीडी बूथवर पळाले. तोवर टाकीतलं दूध तापायला लागलं होतं. म्हणून आज चार वाजता चेअरमनसाहेबांसमोर मीटिंग होती. जुनं मशीन परत बसणार आणि मी घरी जाणार, हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

जुनं मशीन म्हणजे मक्स. कोल्हापूर-मुरगूड एकच लीज्ड, म्हणजे भाड्याने घेतलेली, लाइन होती. मक्स तिचे दोन भाग करायचा, अर्धी फोनला, अर्धी कॉम्प्युटरला. मधे पक्की भिंत. फोनवर कुणी बोलत नसलं तरी ती अर्धी लाइन रिकामीच पडून राहायची आणि पलीकडे दुधाचे आकडे अडकून बसायचे.

त्याच्या जागी मी बसवलेल्या नवीन राउटरमध्ये भिंत नसते. आवाज असो की आकडे, सगळ्याची छोटी छोटी पाकिटं होतात आणि एकाच रस्त्याने जातात. जागा वाया जात नाही. फक्त गर्दी झाली की आधी कोण जाणार, हे राउटरला सांगून ठेवावं लागतं. मेल दोन मिनिटं उशिरा पोचला तर कळतही नाही. आवाज अर्धा सेकंद थांबला तर वाक्य मोडतं. म्हणून आवाज नेहमी पहिला.

मी यादी तशीच लावली होती. पहिल्याच दिवशी जाधव सरांनी ती बघितली.

"साहेबांचा कॉम्प्युटर कुठे आहे यात?"

"सगळ्यांबरोबर, सर. फोननंतर."

"फोननंतर?" त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "वर साहेब. मग अकाउंट्स. फोन शेवटी. फोन काय, परत करता येतो."

"सर, पण आवाज..."

"मॅडम, इथं नोकरी करायची आहे ना?"

आमच्याकडे नारळ फोडण्यापासून चहाच्या कपापर्यंत पहिला मान साहेबांचा. सरांनी तोच नियम राउटरला शिकवला. मी ती यादी तशीच सेव्ह केली. ती चूक माझी.

मात्र वहीत वेळा लिहीत राहिले. साहेब मूळचे मुरगूडकडचे. सकाळी ते सेंटरवरच्या केबिनमध्ये बसत आणि आदल्या दिवशीच्या कार्यक्रमांचे फोटो पेपरवाल्यांना मेल करत. फोन तुटायचा तो नेमका त्याच वेळी. साहेब चार दिवस पुण्याला गेले, त्या चार दिवसांत एकदाही तुटला नाही.

मीटिंगला वही घेऊन गेले. मामा दाराजवळच्या खुर्चीत होते.

"साहेब, मक्स परत बसवतो," जाधव सर म्हणाले. "नवीन टेक्नॉलॉजी आपल्या लाइनीवर चालत नाही. मॅडम हुशार आहेत, पण पुस्तकी."

"व्हय, ते जुनंच बरं हुतं," मामा म्हणाले. "वरडून तरी ऐकू जायचं."

साहेबांनी चष्मा काढला. "काय गं पोरी, तुला काय म्हणायचं हाय का?"

जाधव सरांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. ती नजर मी ओळखत होते.

शेवट आधी सांगून टाकते. मक्स स्टोअरमधून बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला, साहेब फोटो पाठवत असताना, आणि शेवटपर्यंत अख्खा ऐकू आला. मी कायम झाले. जाधव सर दोन महिने माझ्याशी चिठ्ठ्यांतून बोलले. जुनं चांगलं की नवीन, असं आजही लोक विचारतात. मी सांगते, भिंत होती तोवर कुणी काही ठरवायची गरज नव्हती. भिंत पाडली की रांग लागते, आणि रांग कुणी लावली ते आधी बघावं.

तेव्हा मात्र इतकं जुळवून बोलता येत नव्हतं. मनात आधी इंग्रजी वाक्य तयार झालं, ते तिथेच सोडलं. उभी राहिले, वही साहेबांपुढे ठेवली आणि म्हणाले,

"साहेब, मशीन बरोबर आहे. रांगेत तुमचा कॉम्प्युटर पहिला लावलाय. तुमच्या फोटोंना थांबता येतं, मामांच्या आवाजाला येत नाही. तुम्हाला मागं उभं राहावं लागेल."